दाणे मागे ठेवू नकोस

चिक्की घ्यायला म्हणून गाव सोडायच्या दिवशी सकाळी मी लोणावळ्यात गेले होते. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊ नकोस, असं आत्याने फोनवर बजावलं होतं, आणि लोणावळ्यात चार वर्षं काढलेल्या मुलीने चिक्की नाही न्यायची तर दुसरं काय न्यायचं? पण चिक्की हे निमित्त होतं. मला गावाचा निरोप घ्यायचा होता आणि तो कसा घेतात ते मला माहीत नव्हतं. माणसाच्या पाया पडता येतं. गावाचं काय करायचं?

तिथलं श्रावणातलं धुकं तुम्ही पाहिलंय का? शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येणारे लोक फोटो काढतात, ते नव्हे. तिथे राहणाऱ्याचं धुकं वेगळं असतं. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, चपलांना बुरशी येते, उशी ओलसर लागते, आणि भर दुपारी घरात दिवे लावावे लागतात. पहिल्या वर्षी मी त्या धुक्याला शिव्या घालायचे. आता तेच धुकं सोडवत नव्हतं. बाजारातून हिंडले, स्टेशनच्या पुलावर उभी राहिले, मग कॉलेजच्या फाटकाशी गेले. चार वर्षं मला रोज बघणाऱ्या वॉचमनने आयकार्ड मागितलं. ते जमा केलं, आता मी इथली नाही, म्हटलं. मग आत सोडता येणार नाही, असं तो अगदी प्रेमाने म्हणाला. झाला कॉलेजचा निरोप. मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं.

खरा निरोप अजून बाकी होता, तो भाजे गावातल्या घराचा.

माझी आई मी सातवीत असताना गेली. रडगाणं गात नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी आई वाईट नाही, फक्त माझी नाही. लोणावळ्यात पहिलं वर्ष हॉस्टेलवर काढलं आणि तिथलं जेवण खाऊन आजारी पडले. तेव्हा कुणीतरी भाज्यातल्या रतनबाईंची खोली सुचवली. मळवली स्टेशनावर उतरायचं, एक्सप्रेस वेवरचा पूल ओलांडायचा, पुढे ओढ्यावरचा छोटा पूल, की आलंच गाव. तिथून लोणावळा लोकलने एकच स्टेशन. रतनबाई आणि त्यांचे यजमान केरबाआबा, दोघंच घरात. थोडी भातशेती, दोन म्हशी. एक मुलगी होती, रेणुका, ती एकाएकी ताप चढून गेली, आणि मागच्या अंगणाकडे दार असलेली ती खोली तिचीच, एवढं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी त्यांना मावशी म्हणत असे. तोंडाने मावशी, मनात आई. रविवारी त्या माझ्या डोक्याला तेल घालायच्या. लोकल उशिरा आली की छत्री घेऊन पुलापर्यंत यायच्या आणि काही न बोलता माझी सॅक आपल्या खांद्यावर घ्यायच्या. परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवायच्या. तीन वर्षं हे चाललं. मला त्या घरातून दुसरं काहीही नको होतं. एवढंच हवं होतं, की मी कधीही परत आले तर ते दार माझ्यासाठी उघडेल. लेकीसाठी उघडतं तसं.

नोकरी दूर दक्षिणेत, होसूरच्या एका कारखान्यात लागली होती. पुण्याहून रात्रीची बस होती, तिच्यासाठी दुपारची लोकल धरायची होती. चिक्की घेऊन परतले तर मावशींनी ओटीची तयारी करून ठेवलेली. ताटात घरचा इंद्रायणी तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. आबा त्या वेळी खाचरात असायचे, पण आज दाराला टेकून उभे होते. मला बरं वाटलं. माझ्यासाठी थांबले, असं वाटलं.

मी ओढणीचा पदर पसरला. मावशींनी ओंजळीने तांदूळ घातले. त्या तांदळाला वास असतो, तो सगळ्या खोलीत पसरला. आता पुढचं तुम्हाला माहीत असेलच. ओटी भरली की भरणारी बाई त्यातले चार दाणे परत काढून घेते आणि घरच्या तांदळात टाकते. लेकीचं येणं-जाणं राहावं म्हणून. आत्या माझी ओटी भरायची तेव्हा न चुकता काढून घ्यायची. मी पदर तसाच धरून उभी राहिले. मावशींचा हात पुढे आलाही. बोटं तांदळाला लागली, इतक्यात दारातून आबा हळूच म्हणाले, "हात मागं घे."

मावशींनी हात मागे घेतला. मग पदराची गाठ त्यांनी स्वतःच मारली, इतकी घट्ट की कापड चरचरलं. हातावर दही ठेवलं. मी वाकून नमस्कार केला आणि उठून बघते तर त्यांचं तोंड पलीकडे. पुलापर्यंत येतील असं मी धरून चालले होते, पण मी अंगणात असतानाच मागे कडी लागल्याचा आवाज आला.

स्टेशनापर्यंत मी कशी गेले, मला आठवत नाही. ट्रॉलीची चाकं चिखलात रुतत होती, एक्सप्रेस वेवरून ट्रक जात होते आणि धुक्यामुळे दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज. स्टेशनाबाहेर नथूभाऊंची चहाची टपरी आहे. तिथे बसले. लोकल उशिरा होती. गाठ मांडीवर होती आणि मला राग येत होता, अगदी मनापासून राग. तीन वर्षं डोक्याला तेल घातलं आणि निघताना चार दाणे काढून घेता येईनात? म्हणजे मी परत यायला नको. खोली रिकामी झाली, संपलं. आबांचा तो आवाज आठवला की अंगाची आग होत होती. भाडेकरू ती भाडेकरू, असंच त्यांना म्हणायचं असणार.

मग वाटलं, त्यांनी नाही ठेवले तर मी ठेवीन. मागच्या दाराला बाहेरून नुसती कडी असते. जायचं, कोपऱ्यात चिमूटभर दाणे टाकायचे आणि यायचं. कुणाला कळणारही नाही. आपलं घर आपणच राखायचं.

नथूभाऊंना म्हटलं, सामान बघा, चार्जर विसरला. ते चहा गाळता गाळता थांबले.

"निघाल्यावर माघारी जाऊ न्हाई, बाय," ते म्हणाले. "गेलीसच तर घोटभर पानी पिऊन नीघ."

मी हो म्हटलं. परतताना धुकं इतकं दाट झालं होतं की ओढ्यावरचा पूल पायाला लागला तेव्हा कळला. खाली पाणी भरून चाललं होतं. मागच्या अंगणात शिरले आणि प्रथम आवाज ऐकला, खराट्याचा. मग पाणी ओतल्याचा. माझ्या खोलीच्या दाराखालून गढूळ पाणी बाहेर येत होतं.

मी थांबले. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या मागे लगेच केर काढत नाहीत, घर धूत नाहीत. पोचल्याचा निरोप येईपर्यंत तरी थांबतात. एकाच प्रवासाला हा नियम नसतो. माणूस खांद्यावरून गेलं की मागच्या बायका लगेच घर धुवायला घेतात. हे मावशींना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच मला एकदा, मैत्रीण निघाल्यावर मी झाडू उचलला तेव्हा, हातावर चापट मारून तो काढून घेतला होता.

आवाज बंद झाला. मी कडी काढली...

खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. फरशी ओली होती. आणि मधोमध, जिथे माझी खाट असायची तिथे, एक टोपली पालथी घातलेली होती. टोपलीच्या विणीतून पिवळा उजेड बाहेर येत होता. आत दिवा होता.

ते काय असतं हे मला माहीत होतं. आईच्या वेळी मी पाहिलं होतं. जिथे जीव गेला तिथे पीठ पसरतात, त्यावर दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. नंतर टोपली उचलून पिठात काय उमटलंय ते बघतात. पाखराचं पाऊल दिसलं तर पाखराच्या जन्माला गेला, रेघ दिसली तर सरपटणाऱ्या. आईच्या पिठात काहीच उमटलं नव्हतं आणि त्याचं मला किती दिवस वाईट वाटलं होतं.

पण इथे तर कुणी गेलं नव्हतं. या खोलीतून आज फक्त मी गेले होते. खोटं कशाला सांगू, मी स्वतःची नाडी बघितली.

मावशी कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. आबा खराटा हातात धरून उभे. मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी येता येता गाठ सैल केली होती आणि चिमटीत दाणे धरले होते. त्या वयाची बाई इतक्या झटक्यात उठलेली मी पाहिली नव्हती. माझी मूठ त्यांनी दोन्ही हातांनी आवळली.

"ठेवू नकोस," त्या म्हणाल्या.

"मावशी, चारच दाणे... मला परत यायचंय म्हणून."

"एक बी न्हाई. एक दाना बी हितं पडता कामा न्हाई."

हात दुखायला लागला. मी रडायला लागले आणि विचारलं, माझं काय चुकलं? त्यावर आबा बोलले. खाली बघत, हळू, शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं.

रेणुकाला पण नोकरी लागली होती. बॅग भरून झाली होती, निघायच्या आदल्या दिवशी ओटीही भरली होती, आणि मावशींनी रीतीप्रमाणे दाणे काढून घेतले होते. रात्रीत ताप चढला. पोरगी त्याच खाटेवर, भरलेल्या बॅगेकडे बघत गेली. दहाव्याच्या दिवशी टोपली उचलली.

"लोकांच्या पिठात पाखराचं पाऊल उमटतं," आबा म्हणाले. "आमच्या पिठात आमच्या पोरीचंच उमटलं. आन् त्ये बी घराकडं वळल्यालं."

तेव्हापासून ती इथेच आहे, असं ते म्हणाले, म्हशीबद्दल बोलावं तितक्या साधेपणाने. त्रास नाही, आवाज नाही. नुसती दाराकडे तोंड करून बसून असते. तिला जायचं होतं. आई-बापाला ते बघवत नव्हतं. कुणाच्या तरी सोबतीने तिला बाहेर काढावं, म्हणून कॉलेजच्या पोरींना खोली द्यायला लागले. माझ्याआधी दोघी राहून गेल्या. पहिली निघाली तेव्हा मावशींना राहवलं नाही, त्यांनी ओटीतले दाणे मागे घेतले. दुसऱ्या दिवशी पिठात पाऊल आत आलेलं. दुसरीच्या वेळी आबांनी दाणे घेऊ दिले नाहीत. पण ती पोर घरी पोचली, आणि तिच्या आईने उंबऱ्यावरच भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला. रेणुका पुन्हा माघारी आली.

मला कळलं होतं, तरी मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"मग मला खोली... म्हणून दिलीत?"

उत्तर मावशींनी दिलं. अजून माझी मूठ त्यांच्या हातात होती.

"तुला आई न्हाई असं तू पयल्या दिशी बोललीस," त्या म्हणाल्या. "तवाच मी यांना म्हनलं, हिच्या दारात भाकरतुकडा ओवाळायला कोन न्हाई. हिच्यासंगं आपली पोर नीट पोचंल."

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. चांगलं स्थळ मिळाल्यावर बायका बोलतात तशा त्या बोलत होत्या. मला ते तेल, ती छत्री, ते दही, सगळं एकदम दिसलं. बैलगाडी लांबच्या वाटेला काढायची तर बैलाला चारा घालावाच लागतो. तीन वर्षं मी तो चारा खाल्ला आणि त्याला माया समजले.

"आलीच हाईस तर बघूनच घे," आबा म्हणाले आणि त्यांनी वाकून टोपली उचलली.

दिवा फडफडला. पीठ तांदळाचं होतं, पांढरंशुभ्र. त्यात दोन पावलं उमटली होती. अनवाणी, लांब बोटांची, बाईमाणसाची. दोन्हींची बोटं दाराकडे होती. मी त्याच दारात उभी होते.

मावशींच्या तोंडून एक आवाज निघाला. बाळंतिणीच्या खोलीतून येतो तसा. मग त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. आबांनी खराटा टाकला आणि भिंतीला डोकं लावलं. मावशींनी माझ्या मुठीतले दाणे परत पदरात घातले. हात उचलला. मला वाटलं, माझ्या गालाला लावतील. तो हात माझ्या खांद्याच्या बाजूला गेला, माझ्यापेक्षा थोडा उंच, आणि तिथे हवेत, कुणाच्या तरी गालावरून फिरावा तसा हलकेच खाली आला.

"जा बाय," मावशी त्या जागेला म्हणाल्या. "सांभाळून ऱ्हा. हिला सोडू नकोस."

घोटभर पाणी कुणी विचारलं नाही. मी बाहेर पडले आणि दार लागलं.

ओढ्याच्या पुलावर आले तेव्हा डोकं मात्र चालू होतं. ओटी पाण्यात सोडून द्यायची. नारळ, खण, तांदूळ, सगळं. मी शिकलेली मुलगी आहे, मला असल्या गोष्टी कळत नाहीत, पण ओझं टाकायचं कसं ते कळतं. कठड्याशी उभी राहिले, पदर पाण्यावर धरला आणि गाठ सोडायला घेतली. चहूबाजूंनी धुकं. गाव दिसत नव्हतं, म्हणजे गावातून मीही दिसत नसणार. तेवढ्यात फोन वाजला.

"टाकू नकोस गं," मावशी म्हणाल्या. "तिला पान्याचं लय भ्या वाटतं."

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"तिनंच की. आत्ता."

खाली पाणी खळाळत होतं. मावशींनी आवाज खाली आणला. रविवारी तेल घालताना जो आवाज असायचा, तो.

"माझी गुनाची पोर ती," त्या म्हणाल्या. "नेशील न्हवं?"

आता तुम्ही मला मूर्ख म्हणा. मला भीती वाटत होती, पण मी गाठ पुन्हा बांधली ती भीतीने नाही. 'माझी पोर' म्हणाल्या म्हणून बांधली. नेईन, म्हटलं. स्टेशनावर आले, नथूभाऊंनी न विचारताच पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि दुसरा ग्लास माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकड्यावर ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. लोकल आली.

होसूरला मी एका मुलींच्या पीजीत राहते. दोघींची खोली, दोन लोखंडी खाटा. दुसऱ्या खाटेसाठी मुली बघायला येतात, दारातून डोकावतात, आणि खाली जाऊन मालकिणीला सांगतात की ती तर भरलेली आहे. मालकीण माझ्यावर चिडते. तिला वाटतं मी काहीतरी सांगून त्यांना पळवते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मावशींचा फोन आला. मी कपाट लावत होते. नाव बघितलं आणि हातातले कपडे तसेच टाकले. सगळा राग विरघळला. त्यांना पश्चात्ताप झाला असेल, असं वाटलं.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. इथे सांबार-भातच असतो, पण..."

"तुला न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला फोन पलीकडच्या खाटेवर ठेवायला सांगितला, आणि जरा बाहेर जायला सांगितलं. मायलेकींचं बोलणं असतंय, म्हणाल्या. मी ठेवला. दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात उभी राहिले. आतून मावशींचा आवाज येत होता. म्हैस व्यायली, भाताची खुरपणी, आबांचा गुडघा. मधे मधे त्या थांबायच्या, उत्तर ऐकताना माणूस थांबतं तेवढ्या. मग हसायच्या. तीन वर्षांत मी त्यांना तशा हसताना ऐकलं नव्हतं. दुसरा आवाज मला कधी आला नाही. फक्त एकदा मावशी म्हणाल्या, "हळू बोल, भाईर हाय ती."

रोज हेच. एकदा मी हट्टाला पेटले. फोन उचलला आणि म्हटलं, आधी माझ्याशी बोला थोडं.

"तुज्याशी काय बोलू?" मावशी म्हणाल्या. रागाने नाही, खरंच न कळून.

मी फोन कापला. दोन दिवस फोन आला नाही. खोलीत इतकी शांतता असायची की पंख्याचाही आवाज कमी वाटायचा. तिसऱ्या दिवशी मीच लावला, पलीकडच्या खाटेवर ठेवला आणि सांगायच्या आत बाहेर जाऊन उभी राहिले. कसंही झालं तरी तो आवाज घरात यायला हवा होता. तुम्हाला आई असेल तर हे कळणार नाही, आणि कळू नयेच.

गेल्या आठवड्यात मावशी माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या. तू भिंतीकडे तोंड करून झोपतेस, असं तिचं म्हणणं आहे, म्हणाल्या. तिला लय एकटं वाटतं. इतक्या दिवसांनी त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मी कूस बदलली. डोळे मात्र घट्ट मिटून.

काल फोन ठेवताना त्या पुन्हा थांबल्या.

"तिचं अजून एक हाय," म्हणाल्या. "तू डोळं मिटून ऱ्हातीस. एकदा उघड आन् बघ तिच्याकडं. मग मी तुज्यासंगं बी बोलत जाईन."

"किती वेळ बोलाल?"

"तुला वाटंल तेवढा."

मी विचार करून सांगते म्हटलं, पण विचार कसला करायचा? उत्तर मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. आज कारखान्यातून आले. दाराला मी लावलेलं कुलूप तसंच होतं. ते काढून आत गेले तर पलीकडची खाट माझ्या खाटेला आणून लावलेली. कडेला कड, मधे बोटभरही फट नाही. लोखंडी खाट आहे, मला एकटीला ती हलत नाही. मालकिणीची खोली बरोबर खाली आहे. तिला विचारलं, काही ओढल्याचा आवाज आला का? दिवसभर घरीच होते, म्हणाली, काही आवाज नाही, फक्त दुपारभर तुम्ही दोघी हसत होतात.